वाचक विचारतात: एवढी मोठी रांग लागते तरी कशी?

सुट्ट्या संपल्या की या सदराकडे थीम पार्कबद्दलची पत्रं यायला लागतात आणि त्यातली निम्मी तरी रांगेबद्दल असतात. मी स्वतः आधी बरीच वर्षं राइडच्या प्लॅटफॉर्मवर ऑपरेटर म्हणून उभी राहिलेय, नंतर रांगा आणि गर्दीचं प्लॅनिंग केलं, त्यामुळे हा विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे. म्हणून यावेळी सगळं सदर त्यालाच.

ताई, दोन मुलांना घेऊन आम्ही रोलर कोस्टरच्या रांगेत एक तास चाळीस मिनिटं उभे होतो आणि राइड दोन मिनिटांत संपली पण. बाहेर एवढी माणसं ताटकळत असताना ती जरा पटापट का चालवत नाहीत? की रांग मोठी दिसावी म्हणून मुद्दाम हळू चालवतात? (एक आई)

मुद्दाम रांग वाढवून पार्कला काहीच मिळत नाही हो, रांगेत अडकलेला माणूस काही खात नाही, काही विकत घेत नाही आणि वर चिडून घरी जातो. खरं कारण वेगळं आहे आणि ते बहुतेकांच्या लक्षातच येत नाही, कारण सगळ्यांचं लक्ष राइडकडे असतं आणि रांग तयार होते प्लॅटफॉर्मवर.

साधा हिशोब करू. समजा कोस्टरच्या एका ट्रेनमध्ये २४ सीट आहेत. दर ३ मिनिटांनी एक ट्रेन सुटली तर तासाला २० ट्रेन, म्हणजे ४८० माणसं. तीच ट्रेन दर ९० सेकंदांनी सुटली तर तासाला ४० ट्रेन, म्हणजे ९६० माणसं. राइड तीच, रूळ तेच, वेग तोच, पण तुमच्या पुढे ४८० माणसं उभी असतील तर पहिल्या हिशोबात तुम्ही तासभर थांबणार आणि दुसऱ्यात अर्धा तास. राइड दोन मिनिटांची आहे की चार, याचा रांगेशी थेट संबंध फारसा नाहीच. दोन ट्रेनच्या मधे किती सेकंद जातात आणि सुटलेल्या ट्रेनमध्ये किती सीट रिकाम्या गेल्या, बाकी सगळं यातूनच ठरतं.

आणि ते सेकंद जातात कुठे? आधीची माणसं उतरतात, कोणाची चप्पल राहते, कोणाची बॅग. मग नवीन माणसं बसतात, आठ जणांचा ग्रुप पुढच्या सीटवरून वाद घालतो, कोणाचा सीट बेल्ट अडकतो, एखाद्याला लॅप बार, म्हणजे मांडीवर येणारा दांडा, बसत नाही म्हणून उतरावं लागतं, मग प्रत्येक बार हाताने ओढून बघायचा आणि मगच हिरवा सिग्नल. बार तपासणं आम्ही कधीच घाईत उरकत नाही आणि उरकूही नये. पण बाकीचा वेळ खरंच वाचवता येतो. वरच्याच उदाहरणात ९० ऐवजी १०० सेकंद लागले, फक्त दहा सेकंद जास्त, तर तासाला ९६ माणसं कमी बसतात. दहा तासांच्या दिवसात ९६० माणसं, म्हणजे दिवसातला एक अख्खा तास राइड बंद ठेवल्यासारखंच झालं की! नवीन ऑपरेटरना मी हा आकडा पहिल्याच दिवशी सांगायचे आणि त्यांचे चेहरे बदलायचे.

रिकाम्या सीटचंही तसंच. सरासरी चार सीट रिकाम्या गेल्या तर ९६० चे ८०० होतात. रांगेच्या टोकाला जो माणूस "किती जण?" असं विचारत असतो ना, तो उगाच विचारत नसतो, त्याच्या डोक्यात सतत जुळवाजुळव चाललेली असते, तीन अधिक एक, पाच अधिक तीन, आणि तो हुशार असेल तर अख्ख्या रांगेचा दिवस सुधारतो. त्याने विचारलं की बोटं वर करून पटकन आकडा सांगा आणि सांगितलेल्या रांगेतच उभे राहा, एवढी एक मदत माझ्यासाठी करा.

थांबण्याचा हा प्रश्न काही राइडनी मुळापासूनच सोडवलाय, त्या थांबतच नाहीत. लंडन आयचं चाक बघा, ३२ कॅप्सूल, एकेकीत २५ माणसं, एका फेरीला साधारण अर्धा तास. चाक इतकं सावकाश फिरतं की माणसं चालत्या चाकातच चढतात-उतरतात. एका फेरीत ८०० माणसं, तासाला १६००, आणि हे सगळं एवढ्या संथ चाकावर. दिसायला जोरदार असलेल्या कितीतरी कोस्टरना हा आकडा झेपत नाही.

डिस्नेलँडची एक गोष्ट मला फार आवडते. त्यांची 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन' राइड आधी चालत बघायचं मेणाच्या पुतळ्यांचं प्रदर्शन म्हणून ठरली होती. मग १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात त्यांनी 'इट्स अ स्मॉल वर्ल्ड' साठी पाण्यावर एकामागोमाग एक बोटी सोडल्या आणि लक्षात आलं की बोटी माणसांना किती सुरळीत आणि भराभर आत नेतात. चालणारी माणसं वाटेत थबकतात, मागे वळतात, आवडलेल्या गोष्टीपाशी गर्दी करतात, बोट तसं करत नाही. १९६७ मध्ये पायरेट्स सुरू झाली ती बोटींची राइड म्हणूनच. तिथल्या 'हाँटेड मॅन्शन'चंही तेच झालं, आधी चालत बघायचं घर, आणि १९६९ मध्ये उघडलं तेव्हा न थांबता सरकत राहणाऱ्या गाड्यांची अखंड साखळी. म्हणजे आज ज्या राइड लोकांना इतक्या प्रिय आहेत त्यांचं रूपच मुळात गर्दीने ठरवलंय.

कोस्टर संपताना आमची ट्रेन स्टेशनच्या जरा आधी थांबली आणि दोन-तीन मिनिटं तशीच उभी. माझी बायको जाम घाबरली. काही बिघाड होता का? (एक वाचक)

बहुतेक करून नव्हता. पुढची ट्रेन अजून प्लॅटफॉर्मवर भरत होती आणि तुमच्या ट्रेनला जागा नव्हती, एवढंच. आम्ही याला ट्रेन तुंबल्या म्हणायचो. गर्दीच्या दिवशी तुम्हाला असं दोनदा-तीनदा दिसलं तर समजा की प्लॅटफॉर्मवरचं काम मागे पडतंय.

पण ट्रेन तिथेच का थांबते हे समजून घ्या म्हणजे बायकोची भीतीही जाईल. ही रेल्वेचीच पद्धत आहे, रुळाचे तुकडे पाडलेले असतात, त्यांना ब्लॉक म्हणतात, आणि एका ब्लॉकमध्ये एका वेळी एकच ट्रेन. पुढचा ब्लॉक मोकळा झाल्याचं सेन्सरने सांगितल्याशिवाय मागची ट्रेन सुटतच नाही, तिला ब्रेक तरी धरून ठेवतो किंवा चढावरची साखळी तरी थांबते. म्हणून रुळावर ब्लॉकपेक्षा निदान एक ट्रेन कमीच ठेवावी लागते, नाहीतर कोणालाच पुढे सरकता येणार नाही. आता "अजून दोन ट्रेन घाला ना" हे लोक किती सहज म्हणतात, पण ब्लॉकच नसतील तर ट्रेन ठेवायच्या कुठे? आणि प्लॅटफॉर्म हळू असेल तर जास्तीच्या ट्रेन नुसत्या बाहेर उभ्या राहतात, तुमच्यासारखी माणसं आत बसवून.

हे ब्लॉक किती मोलाचे आहेत ते २ जून २०१५ ला सगळ्यांना कळलं. इंग्लंडमधल्या आल्टन टॉवर्स पार्कमधल्या 'स्माइलर' कोस्टरवर एक रिकामी ट्रेन रुळावर मधेच अडकून राहिली होती. कॉम्प्युटरने आपलं काम चोख केलं, मागची ट्रेन थांबवली. पण कर्मचाऱ्यांना अडकलेली ट्रेन कळलीच नाही, त्यांना वाटलं सिस्टिम उगाच अडवतेय, आणि त्यांनी तो स्टॉप बाजूला सारून ट्रेन पुढे सोडली. १६ माणसं बसलेली ती ट्रेन अडकलेल्या ट्रेनवर जाऊन आदळली. दोन तरुण मुलींना एकेक पाय गमवावा लागला. पुढच्या वर्षी कोर्टाने कंपनीला ५० लाख पौंड दंड केला. मी हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती, कारण मागे रांग तासाभराची झाली, लोक ओरडायला लागले की "चालू करा ना" हा दबाव प्लॅटफॉर्मवर कसा येतो ते मी अंगावर घेतलेलं आहे. म्हणून राइड थांबली आणि कोणी काही सांगत नसेल तर त्यांना जरूर विचारा की काय झालंय, पण लवकर चालू करा असं कधीच म्हणू नका. प्लीज.

मी कॉलेजला आहे. आमचा ग्रुप साध्या रांगेत होता आणि शेजारच्या फास्ट लेनमधून माणसं सरळ पुढे जात होती, आमची रांग तर जागची हलेना. जास्त पैसे देऊन पुढे जाणं हे बरोबर आहे का? आणि यामुळे रांग खरंच कमी होते का?

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते हिशोबाचं आहे. नाही होत. राइडवर तासाला १००० माणसं बसतात तर फास्ट लेन आली तरी १००० च बसणार, एक सीट पण वाढत नाही. फक्त कोण आधी आणि कोण नंतर ते बदलतं. समजा त्यातल्या ७५० जागा फास्ट लेनला दिल्या, तर साध्या रांगेला उरल्या २५०. तुमच्या पुढे ५०० माणसं दिसत होती, बघून वाटणार अर्धा तास, आणि लागणार दोन तास. रांग छोटी दिसते पण सरकत नाही, आणि डोळ्यांनी केलेला अंदाज असा साफ चुकतो म्हणून माणूस जास्त चिडतो.

दुसरी गोष्ट जरा खोल आहे. डिस्नेने १९९९ मध्ये फास्टपास आणला तेव्हा तो फुकट होता, मशिनमधून चिठ्ठी घ्यायची, तिच्यावर वेळ छापलेली, त्या वेळेला यायचं आणि तोवर मोकळं हिंडायचं. कल्पना छान होती. पण विचार कर, चिठ्ठी घेतलेला माणूस तोवर करतो काय? दुसऱ्या राइडच्या रांगेत जाऊन उभा राहतो. म्हणजे एकच माणूस एकाच वेळी दोन रांगांमध्ये, एकीत चिठ्ठीने आणि एकीत पायांनी. सगळेच असं करायला लागले की प्रत्येक राइडची रांग वाढते, अगदी जिथे आधी पाच-दहा मिनिटांत नंबर लागायचा तिथेसुद्धा. आणि जे दुसऱ्या रांगेत जात नाहीत ते रस्त्यावर येतात, दुकानात, बाकांवर, म्हणजे रांगेच्या झिगझॅग कठड्यांमध्ये मावलेली माणसं आता चालायच्या वाटेवर. उभी रांगच न ठेवता नुसते फोनवर नंबर देऊन पार्क चालवायचा असेल तर माणसांना बसायला, खायला, बघायला तेवढी जागा आणि तेवढं काहीतरी आधी असावं लागतं. ते नसेल तर रांग नुसती इकडची तिकडे जाते.

आता बरोबर की चूक. माझं मत स्पष्ट आहे. ज्याला खूप वेळ उभं राहता येत नाही, आजार आहे, अपंगत्व आहे, त्याच्यासाठी वेगळी वाट हवीच, आणि तिच्यावर कोणी नाक मुरडू नये. पैसे देऊन पुढे जायची सोय पार्क विकणार असेल तर विकू दे, पण तिच्या जागा मोजक्या ठेवाव्यात आणि साध्या रांगेच्या बोर्डावर खरी वेळ लिहावी. तीन चतुर्थांश जागा पुढच्या दाराने द्यायच्या आणि मागच्या दारात उभ्या असलेल्यांना काहीच सांगायचं नाही हे मला पटत नाही. साध्या रांगेतल्या माणसानेही तिकीट काढलेलं असतं रे.

सिंगल रायडर लाइन नक्की काय असते आणि तिथून गेलं तर फायदा होतो का?

ग्रुप बसवून उरलेल्या एकट्या सीट भरायची ती रांग. मघाशी रिकाम्या सीटचा हिशोब दिला ना, त्यावरचं हे सगळ्यात स्वस्त औषध. तुम्हाला शेजारी शेजारी बसायचा हट्ट नसेल तर जरूर जा. मात्र ती कधी भरभर सरकते, कधी दहा मिनिटं जागची हलत नाही, सगळे ग्रुप सम आकड्याचे आले की उरतंच कोण? आणि लहान मुलं बरोबर असतील तर हा विचार सोडा, एकट्याने बसायला वयाची अट बऱ्याच ठिकाणी असते.

बोर्डावर ६० मिनिटं लिहिलं होतं, आम्ही ३५ मिनिटांत आत. बरं वाटलं, पण मग बोर्ड खोटा असतो का? आणि रांगेत एवढे टीव्ही, खेळ, सजावट कशासाठी, तोच पैसा राइडवर घालवला तर?

बोर्ड म्हणजे अंदाज असतो. रांगेत किती माणसं आहेत आणि तासाला किती बसतायत, पहिल्याला दुसऱ्याने भागलं की वेळ आली. हा संबंध इतका साधा दिसतो पण तो कुठल्याही रांगेला लागू पडतो हे जॉन लिटल नावाच्या अभ्यासकाने १९६१ मध्ये गणिताने सिद्ध केलं, आणि आजही बँकेपासून विमानतळापर्यंत सगळे तोच वापरतात. अडचण अशी की दोन्ही आकडे सारखे बदलत असतात, एक ट्रेन काढून घेतली, फास्ट लेनला अचानक झुंबड आली, पाच मिनिटं राइड बंद पडली, की अंदाज चुकला. काही पार्कमध्ये रांगेच्या तोंडाशी एखाद्याच्या हातात कार्ड देतात आणि प्लॅटफॉर्मवर परत घेतात, त्यावरून खरी वेळ कळते. पण ती वेळ आता बसलेल्या माणसाची, आत्ता रांगेत शिरणाऱ्याची नाही, हे लक्षात ठेवा.

मुद्दाम थोडी जास्त वेळ लिहितात का? हो, बऱ्याच ठिकाणी लिहितात. ६० सांगून ४५ ला पोचलेला माणूस खूश असतो, ३० सांगून ४५ ला पोचलेला तोच माणूस भांडतो. थोडं वाढवून लिहिणं मला चालतं. पण लोकांनी रांगेत येऊच नये म्हणून दुप्पट लिहिणं हे मला फसवणुकीसारखं वाटतं, कारण त्या बोर्डावर विश्वास ठेवून कोणीतरी मुलाला "आज नको रे" म्हणून परत नेतं.

आणि रांगेतल्या सजावटीवरचा पैसा वाया जात नाही हो. डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ मध्ये वाट बघण्याच्या मानसिकतेवर लिहिलं होतं, त्यातल्या गोष्टी मी रोज डोळ्यांनी बघितल्यात. रिकामं बसून काढलेली दहा मिनिटं कामात गेलेल्या दहा मिनिटांपेक्षा मोठी वाटतात. कधी संपेल माहीत नाही ती वाट सगळ्यात मोठी. का थांबलोय ते माहीत नसेल तर अजून मोठी. आणि कोणी मधे घुसताना दिसला की असह्य. या चारही गोष्टींवर उपाय करायला नवीन ट्रेन लागत नाही. माझ्या वेळी एका पार्कमध्ये राइड बंद पडली की रांगेत माइकवर काही सांगायची पद्धतच नव्हती, लोक अर्धा अर्धा तास नुसते उभे. आम्ही दोघी-तिघींनी स्वतःहून रांगेत जाऊन "सेन्सर तपासतायत, पंधरा मिनिटं तरी लागतील, पाणी त्या कोपऱ्यात आहे" असं सांगायला सुरुवात केली. राइड तेवढाच वेळ बंद राहिली. भांडणं मात्र थांबली.

फ्लोरिडात डिस्नेच्या मॅजिक किंगडम पार्कमध्ये 'डंबो'चे उडणारे हत्ती आहेत, लहान मुलांची अतिशय लाडकी राइड आणि माणसं बसवायला अतिशय हळू, कारण सगळ्यांना एकदम बसवायचं, फिरवायचं, थांबवायचं, एकदम उतरवायचं. २०१२ मध्ये त्यांनी दोन गोष्टी केल्या. एक, शेजारी दुसरं चक्र उभं केलं, म्हणजे क्षमता दुप्पट. दोन, रांगेच्या जागी तंबूत खेळायची जागा केली आणि आईबाबांच्या हातात पेजर दिला, नंबर आला की तो वाजायचा, तोवर मुलं घसरगुंडीवर आणि पालक बसलेले. तीन वर्षांच्या मुलाला तासभर लोखंडी कठड्यामध्ये उभं करण्यापेक्षा हे किती शहाणपणाचं आहे! मला विचाराल तर रांगेवरचा इतका चांगला इलाज मी दुसरा पाहिलेला नाही.

याच्या उलटही होतं. १३ जून २०१९ ला ऑर्लँडोच्या युनिव्हर्सल पार्कमध्ये हॅरी पॉटरच्या गोष्टीतल्या हॅग्रिडच्या मोटरबाइकची राइड सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी प्रतीक्षा १० तासांवर गेली. दहा तास. तिथे कितीही सुंदर सजावट असली तरी माणसाचे पाय, भूक, बाथरूम यांना उत्तर द्यावंच लागतं. अशा वेळी फोनवर नंबर देऊन माणसांना मोकळं सोडणं हेच बरं, आणि त्याच वर्षी डिस्नेने 'राइज ऑफ द रेझिस्टन्स' ही राइड सुरू करताना तसंच केलं, सकाळी नंबर घ्या आणि तुमचा गट पुकारला की या.

गेटवर आम्हाला "पार्क फुल झालाय" म्हणून थांबवलं. आत डोकावलं तर ढीगभर जागा रिकामी दिसत होती. मग रात्री शो संपल्यावर बाहेर पडताना इतकी ढकलाढकली की मुलीला खांद्यावर घ्यावं लागलं. हे कसलं नियोजन? (एक बाबा)

तुमच्या पत्रातली पहिली तक्रार आणि दुसरी तक्रार एकमेकींना जोडलेल्या आहेत, आणि गेटवर थांबवणाऱ्याचा राग आला तरी तो बहुतेक बरोबर होता असं मला वाटतं.

पार्कची क्षमता म्हणजे किती माणसं मैदानात मावतात हे नव्हे. सगळ्या राइड, शो, खाण्याच्या जागा मिळून तासाला किती माणसांना सामावून घेतात, आणि एखादी मोठी राइड बंद पडली, पाऊस-विजा सुरू झाल्या आणि उघड्यावरच्या सगळ्या राइड थांबवाव्या लागल्या तर ती सगळी माणसं रस्त्यावर आणि छपराखाली मावतील का, असा तो विचार असतो. तुम्हाला दुपारी दिसलेली रिकामी जागा ही रात्रीच्या शोची जागा असू शकते. शिवाय कुठलाही पार्क वर्षातल्या सगळ्यात गर्दीच्या दिवसासाठी बांधत नाहीत, तसा बांधला तर बाकीचं वर्षभर तो ओस पडेल. म्हणून त्या चार-पाच दिवसांना गेट बंद करणं हाच उपाय उरतो.

गेट न आवरल्यावर काय होतं ते डिस्नेलँडच्या पहिल्याच दिवशी, १७ जुलै १९५५ ला दिसलं. फक्त निमंत्रितांचा दिवस होता, पण खोटी तिकिटं छापली गेली आणि साधारण २८,००० माणसं आत आली. त्यात प्लंबरांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ पुरेसे झाले नव्हते, भर उन्हाळा, नुकतंच घातलेलं डांबर मऊ पडलेलं. राइड कितीही छान असोत. पण पाणी आणि जागा नसेल तर त्या छान राइडचं करायचं काय?

आता रात्रीचं. इथे मी जरा कडक बोलणार आहे, कारण गर्दी म्हटलं की लोकांना वाटतं थोडी गैरसोय, चालायचंच. तसं नाही. एका चौरस मीटरमध्ये दोन माणसं असतील तर आरामात चालता येतं. चार झाली की पावलं आखडतात. पाचच्या पुढे अंगाला अंग लागतं आणि तुम्ही कुठे जायचं ते तुमच्या हातात राहत नाही. सहा-सात झाली की गर्दी पाण्यासारखी वागते, मागून आलेला धक्का लाटेसारखा पुढे जातो आणि पुढच्या माणसाला तो थांबवता येत नाही. २९ ऑक्टोबर २०२२ ला दक्षिण कोरियातल्या सोलच्या इतेवॉनमध्ये एका अरुंद उताराच्या गल्लीत गर्दीत दीडशेहून जास्त माणसांचा जीव गेला, बहुतेक तरुण. तिथे आग नव्हती, स्फोट नव्हता. छातीवर इतका दाब की श्वास घेता येत नाही, एवढंच. आणि लोक "चेंगराचेंगरी झाली, लोक पळत सुटले" म्हणतात ना, ते बऱ्याचदा चुकीचं असतं, पळायला जागाच नसते. लोकांचा दोष नसतो, माणसं किती आली, कुठून आली आणि वाट किती रुंद होती हे आधी कोणी मोजलेलं नसतं.

म्हणून शो संपला की सगळ्यांना एकाच वाटेने एकदम सोडायचं नसतं. चांगल्या ठिकाणी दिवे आणि संगीत शो संपल्यावरही चालू ठेवतात, दुकानं उघडी ठेवतात, म्हणजे काही लोक रेंगाळतात. कडेची, एरवी बंद असलेली वाट उघडतात. येणाऱ्यांची आणि जाणाऱ्यांची वाट वेगळी करतात. आणि मुख्य म्हणजे अरुंद जागेच्या आधी, जिथे अजून जागा आहे तिथे माणसांना थांबवतात. गर्दी झाल्यावर तोंडाशी उभं राहून "मागे व्हा" ओरडून काही होत नाही, मागच्यांना ते ऐकूच जात नाही.

तुम्ही मुलीला उचललं ते अगदी योग्य केलंत. पुन्हा असं झालं तर दोन्ही हात छातीसमोर आडवे धरा म्हणजे श्वासाला जागा राहते, धक्क्याच्या विरुद्ध जोर लावू नका, धक्का ओसरला की तिरकं तिरकं कडेला सरका, खाली पडलेली वस्तू उचलायला वाकू नका मग तो फोन का असेना, आणि कोणी पडलं तर लगेच उठवा. सगळ्यात सोपं म्हणजे शो संपल्यावर वीस मिनिटं बसून राहा. मी आजही तेच करते. आणि पार्कला लेखी कळवा, कुठल्या वाटेवर, किती वाजता, कारण अशी पत्रं वाचली जातात आणि त्यावरून वाटा बदललेल्या मी बघितल्यात.

कमी रांग हवी असेल तर किती वाजता जावं?

उघडायच्या आधी पोचा आणि पहिल्या तासात तुमची सगळ्यात आवडती, त्यातही हळू भरणारी राइड करून घ्या. राइडची क्षमता सकाळी तेवढीच असते, पण माणसं हळूहळू येत राहतात, हा सगळा फायदा तिथला आहे. पार्कमधली मिरवणूक चालू असताना आणि पार्क बंद व्हायच्या आधीच्या तासातही बरं असतं.

ताई, मला पुढच्या महिन्यापासून एका पार्कमध्ये राइड ऑपरेटर म्हणून नोकरी लागलीय. वय १९. ट्रेनिंग देणारच आहेत, पण तू काय सांगशील?

अरे वा, खूप खूप अभिनंदन! ट्रेनिंगमध्ये बटणं आणि नियम शिकवतील, ते नीट शीक आणि एकही नियम कोणाच्या सांगण्यावरून वाकवू नकोस, रांग किती का लांब असेना. कंट्रोल पॅनल थांबवत असेल तर आधी डोळ्यांनी सगळ्या ट्रेन मोज. स्माइलरची गोष्ट वर लिहिलीय ती पुन्हा वाच.

बाकी मी शिकले त्या गोष्टी छोट्या आहेत. उंची मोजायची पट्टी रांगेच्या तोंडाशी असते, तिथली ड्यूटी सगळ्यांना कंटाळवाणी वाटते पण ती मन लावून कर, कारण तिथे तू चुकलास तर दीड तास उभं राहून आलेल्या पोराला प्लॅटफॉर्मवरून परत पाठवावं लागतं, आणि तो चेहरा विसरता येत नाही, मी एक अजून विसरलेले नाही. माणसं बसायला येण्याआधीच सांगत राहा, चष्मा खिशात, बॅग त्या खणात, ती गेटच्या मागे उभी असतानाच, म्हणजे तेच सेकंद दोनदा जात नाहीत. बार तपासताना प्रत्येक बारला हात लाव, नुसतं बघू नकोस. ज्याला बसत नाही त्याच्याशी हळू आवाजात बोल, सगळ्यांसमोर नको. आणि पाणी, बाथरूम, हरवलेली मुलं कुठे आणतात, या तीन जागा पहिल्या दिवशी स्वतः चालून बघून ये, लोक तुला राइडपेक्षा हेच जास्त विचारतील.

एक छोटी वही खिशात ठेव. तासाला किती ट्रेन सुटल्या आणि किती सीट रिकाम्या गेल्या एवढंच लिही, आठवडाभर. मग मला पत्र पाठव, तुझ्या राइडचा आकडा किती आला ते, आपण पुढच्या महिन्यात इथेच बसून बघू त्यातले दहा सेकंद कुठे सापडतात का.